उघडण्यातली मजा

काडीचा फोन आला तेव्हा तिचे बाबा एका टोस्टरला रिबीन बांधत होते. भेटवस्तूंच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून ते दिवसभर लोकांच्या वस्तू गुंडाळून देत आणि उरलेलं काम घरी आणत. गुंडाळल्याशिवाय हातात ठेवली ती भेट नव्हेच, असं त्यांचं ठाम मत होतं.

"बाबा, दोनच मिनिटं मिळालीत," काडी म्हणाली. हे नाव तिला तिच्या दंडांवरून पडलं होतं आणि त्याच दंडांच्या भरवशावर ती सैन्यात भरती झाली होती. "पळण्यात मी पहिली आहे. पण जोर निघत नाहीत हो. चार-पाच झाले की तोंडावर आपटते. शेवटच्या परीक्षेत निघाले नाहीत तर घरी पाठवतात."

फोन बंद झाला. टोस्टरची रिबीन बाबांच्या हातातच राहिली. लहानपणापासून सैन्यात जाण्यावाचून पोरीने दुसरं काही मागितलं नव्हतं आणि आता ते हातचं जायची वेळ आली होती. त्यांना फार वाईट वाटलं.

"अंडी खायला सांगायचं होतं," आई म्हणाली. ती शाळेची बस चालवायची, त्यामुळे तिचं बोलणं कमी आणि ब्रेक लावल्यासारखं असे.

"अगं, खायला तिथे रग्गड मिळतं. मन खचलंय तिचं. काहीतरी गमतीचं पाठवू या. हसली की आपोआप बळ येईल."

बाबा कामाला लागले. बदकांचे मोजे, चिकटवायच्या मिशा, लिंबाच्या गोळ्या, राजाच्या जागी मामाचा फोटो लावलेले पत्ते, असं बरंच काही त्यांनी जमवलं आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या रंगीत कागदात गुंडाळली.

"अहो, मोजे दोन वेगळ्या कागदांत?" आईने विचारलं.

"डावा उघडला की उजव्याची उत्सुकता लागते."

"आणि गोळ्या?"

"उघडण्यातच तर खरी मजा असते!"

"कागदाची नासाडी आहे नुसती," असं म्हणून आईने खोका बसमध्ये टाकला आणि जाता जाता पोस्टात दिला.

आता छावणीत एक नियम होता आणि तो या घरात कोणालाच माहीत नव्हता. आलेलं पार्सल सगळ्या तुकडीसमोर, कवायत शिकवणाऱ्या उस्तादांच्या देखत उघडायचं आणि जितकी वेष्टनं निघतील, तितक्या वेळा दहा दहा जोर काढायचे. घरच्यांनी फार लाड करू नयेत म्हणून हा नियम. बाकीच्यांकडे एक खोका यायचा, त्यात एक फरसाणाची पिशवी. वीस जोर काढले की सुटका. काडीचा खोका उघडला आणि आतून रिबिनी उसळून वर आल्या, तेव्हा उस्तादांनी शांतपणे एक खुर्ची मागवली.

पुढच्या फोनच्या वेळी उस्ताद तिच्या शेजारीच उभे होते.

"बाबा, पार्सल मिळालं. खूप... खूपच होतं."

"आवडलं ना?"

"हो. पण पुढच्या वेळी एवढा त्रास घेऊ नका. मनापासून सांगतेय बाबा, नका घेऊ!"

"वेडी का तू? त्रास कसला त्यात!"

फोन ठेवून बाबा डोळे पुसत म्हणाले, "आवाज कापत होता गं तिचा. भरून आलं असणार." खरं तर काडीला फोन कानाशी धरवत नव्हता. पण ते इथे दिसणार कसं?

बाबांना हुरूप आला. त्यांनी आईच्या बससमोर घरातल्या सगळ्यांचा एक मोठा फोटो काढून घेतला, पुठ्ठ्यावर चिकटवला, त्याचे जोडकोड्यासारखे तुकडे कापले आणि तुकडा न् तुकडा वेगळा गुंडाळला.

"अहो, मामाचा एक कान एका पुडक्यात आणि दुसरा दुसऱ्यात?"

"रोज एक उघडेल. पुरवून पुरवून."

छावणीत पुरवून पुरवून असं काही नसतं. काडीने मामाचा पहिला कान जोडला तेव्हाच ती घामाने निथळत होती. आईच्या बसपाशी पोचली तेव्हा जमिनीवर आडवी झाली. उरलेले जोर सकाळी, असं उस्तादांनी जाहीर केलं. सकाळचे संध्याकाळवर गेले, संध्याकाळचे पुन्हा सकाळवर. तेवढ्यात तिसरं पार्सल येऊन धडकलं. तुकडीतल्या मुली आता खोका आला की जागा धरून बसायच्या आणि "काकांनी रिबीन भारी निवडलीय हं" म्हणून टाळ्या वाजवायच्या.

मग एकदा काडीचा फोन आला. आवाज खणखणीत.

"बाबा, पुढचं पार्सल कधी पाठवताय?"

बाबांनी बायकोकडे अशा काही नजरेने पाहिलं की तिला बस धुवायचं काम आठवलं.

परीक्षेच्या दिवशी मात्र त्यांचं कशात लक्ष लागेना. दुकानात त्यांनी एका गिऱ्हाइकाची भेट बाजूला ठेवून स्वतःचाच जेवणाचा डबा गुंडाळून दिला. दुपारी निरोप आला. काडी पास झाली होती, आणि जोरांत तुकडीत पहिली आली होती. बाबा टेबलाखाली कात्री शोधायच्या निमित्ताने वाकले आणि तिथेच पोटभर रडले.

दीक्षान्त संचलनाला दोघं छावणीत गेले. संचलन संपल्यावर काडी धावत आली आणि तिने बाबांना मिठी मारली. बाबांचे पाय जमिनीवरून सुटले.

"अगं, खाली ठेव! लोक बघतायत!"

मागून उस्ताद आले. "तुम्हीच का ते कागदवाले?" म्हणत त्यांनी बाबांचा हात दाबला आणि सगळा नियम सांगितला. बाबांचा चेहरा पडत पडत पार उतरला.

"म्हणजे त्या लिंबाच्या गोळ्या... एकेका गोळीला दहा?"

"दहा."

"काडे, बोलली का नाहीस गं?"

"आधी बोलता येत नव्हतं," काडी म्हणाली. "नंतर मुद्दामच बोलले नाही. कळलं असतं तर तुम्ही पाठवलं असतं का? परीक्षेत दंड भरून आले ना, तेव्हा मनात म्हटलं, अजून मामाचा एकच कान झालाय."

बाबांना हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात उस्ताद घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या तुकडीत एक मुलगा आहे. पोरगा गुणी, पण दंड अगदी हिचे होते तसेच. घरचं कोणी नाही, पार्सल येत नाही. तुम्हाला पत्ता देऊ का?"

"नाही हो," बाबा कळवळून म्हणाले. "माहीत असताना हात नाही धजायचा माझा. पाठवलंच तर एक मोठा केक, एकाच कागदात."

उस्ताद निराश झाले. तेव्हा आईने पुढे होऊन पत्त्याचा कागद घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

"तुम्ही यांच्याकडे नका हो बघू. किती कच्चा आहे म्हणालात?"

"अगदीच कच्चा, ताई."

"मग शेंगदाणे पाठवते," आई म्हणाली. "एकेक गुंडाळून."