अमरसिंहाच्या लेन्ससाठी स्थळ

रविवारी सकाळी अमरसिंह आपल्या लेन्ससाठी स्थळ बघायला येणार होता, म्हणून शिवप्रसादच्या घरात आदल्या दिवसापासून धांदल उडाली होती. सोफ्याचे अभ्रे बदलले, पंख्याची पाती पुसली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथे शिवप्रसादने काढलेला एकुलता एक पक्ष्याचा फोटो लावला. फोटोत भरपूर आभाळ होतं, एक झाड होतं आणि झाडाच्या शेंड्याजवळ एक काळा ठिपका होता. हा ठिपका म्हणजे धनेश पक्षी. शाहूवाडीच्या डोंगरात एका झाडाच्या ढोलीत तो दरवर्षी संक्रांतीनंतर घरटं करायचा, आणि शिवप्रसाद दरवर्षी तिथे जाऊन त्याचा ठिपका काढून आणायचा.

"ह्यात चोच कुठली म्हणायची?" असं त्याची बायको वर्षाराणी येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर विचारायची आणि ते शिवप्रसादच्या फार जिव्हारी लागायचं. लक्ष्मीपुरीत धान्याचं चालतं दुकान, घरात सगळं व्यवस्थित. या माणसाला आयुष्यात आता फक्त त्या धनेशाची चोच हवी होती. त्यासाठी मोठी लेन्स हवी होती. आणि मोठी लेन्स कुठली घ्यावी हे गेली दोन वर्षं ठरत नव्हतं.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर दर रविवारी त्यांची फोटोवाली मंडळी जमायची. फोटो फारसं कुणी काढत नसे. आधी बॉडी बदलावी की लेन्स, झूम घ्यावी की न घ्यावी, थोडं थांबलं तर नवीन मॉडेल येईल का, यावर एवढा खल चालायचा की चहावाला सगळ्यांच्या आधी तज्ज्ञ झाला. शिवप्रसाद एका रविवारी एक लेन्स पक्की करून जायचा आणि पुढच्या रविवारी दुसरीवर मन बसवून यायचा. एवढ्यात धनेशाची पिल्लं मोठी होऊन संसाराला लागली.

मग वारणानगरला कारखान्यात इंजिनिअर असलेल्या अमरसिंहाने नवा कॅमेरा घेतला आणि त्याची जुनी भलीमोठी लेन्स मोकळी झाली. तिला त्याने तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. प्रवासात तिला स्वतःच्या मांडीवर घ्यायचा आणि बायकोला मागच्या सीटवर बसवायचा. डेअरीतल्या गुंडूने हे स्थळ शिवप्रसादला कळवलं. निम्म्या जिल्ह्याची लग्नं जमवल्यामुळे गुंडूला दुसऱ्या भाषेत बोलता येत नसे.

"ती इकायची न्हाय त्याला," गुंडू म्हणाला. "चांगल्या घरी द्यायची हाय. कट्ट्यावरच्या आदर्शनं मागणी घातलती, पर त्याच्या कॅमेऱ्याचा माउंट, म्हंजी लेन्स बसायची जागा, जुळंना. मधी आडाप्टर लावून वापरतो म्हणला. अमरसिंह म्हणला, मधल्या माणसाच्या जिवावर माझी लेन्स नांदाय जाणार न्हाय."

"माझा माउंट जुळतोय की!"

"म्हणूनच घर बघाय येतोय. नीट ऱ्हावा."

ठरल्याप्रमाणे अमरसिंह आला. एका हातात लेन्सची काळी बॅग, मागे गुंडू. शिवप्रसादच्या आईने, म्हणजे अक्काताईने, दारातच पाय धुवायला तांब्या पुढे केला.

"पोरगी संगंच आणलीसा व्हय?" बॅगेकडे बघत ती म्हणाली. "आमच्या येळंला असं न्हवतं. आसंना. या, पावणं."

पोहे आले. अमरसिंहाने बॅग शेजारी सोफ्यावर ठेवली, तिची चेन थोडी उघडली, म्हणजे आत गुदमरायला नको, आणि चौकशीला सुरुवात केली.

"खाण्यापिण्याचं कसं?"

"कुणाच्या?" शिवप्रसाद गोंधळला.

"उजेड हो, उजेड. पोरीला उजेड किती मिळंल?"

"भरपूर! रोज सकाळी रंकाळा, सुट्टीला डोंगर."

"लोकांच्या लग्नात राबवणार न्हाय न्हवं? हॉलमधल्या दिव्यात लई हाल हुत्यात."

"शपथ!"

अमरसिंहाने पोह्याचा घास घेतला आणि आवाज खाली आणला. "घरात आधीची एक हाय, असं कानावर आलंय."

कॅमेऱ्याबरोबर आलेली छोटी लेन्स शोकेसमध्ये सगळ्यांना दिसत होती.

"ती कॅमेऱ्याबरोबरच आलती," शिवप्रसाद चाचरत म्हणाला.

"सवतीवर द्यायची न्हाय मी," अमरसिंहाने ताटली खाली ठेवली.

शिवप्रसादच्या डोळ्यांसमोर धनेशाची चोच आली आणि लांब लांब जायला लागली. मागचापुढचा विचार न करता तो उठला, शोकेस उघडली आणि छोटी लेन्स गुंडूच्या हातात ठेवली. "घेऊन जा. आजपासनं हिचा आणि माझा संबंध न्हाय."

गुंडूला मध्यस्थीत आजवर टोपी-टॉवेलच मिळाला होता. त्याने लेन्स लगेच खिशात घातली.

एवढं होऊनही अमरसिंहाचा द्यायला जीव होईना. त्याने मोठी लेन्स बॅगेतून काढली, पुढचं झाकण उघडलं, कॅमेऱ्याला लावून बघितली. माउंट खट्कन बसला. तो आवाज ऐकून शिवप्रसादच्या अंगावर काटा आला. पण अमरसिंहाने तिला पुन्हा काढून मांडीवर घेतली आणि मुलीकडचे लोक म्हणतात तसंच म्हणाला, "घर चांगलं हाय. अजून दोन ठिकाणं बघायची हाईत. इचार करून सांगतो."

शिवप्रसादला ठाऊक होतं, विचार करून सांगतो म्हणणारा माणूस पुन्हा दिसत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी अक्काताई आतून हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली. दारात आलेल्या पोरीला कोरड्या कपाळाने पाठवायची पद्धत त्या घरात नव्हती. तिने करंड्यात अंगठा बुडवला, लेन्सचं कपाळ कुठलं याचा क्षणभर अंदाज घेतला आणि पुढच्या काचेवर, अगदी मधोमध, ठसठशीत कुंकू लावलं.

"काकूऽऽऽ!" अमरसिंह ओरडला. त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. शेजारपाजारचे गोळा झाले.

"काय झालं?"

"काकूंनी काचंवर कुंकू लावलं!"

"कुणाच्या?"

"माझ्या लेन्सच्या!"

शेजारच्या धोंडुबाई गर्दीतून पुढे आल्या, त्यांनी लेन्सकडे बघितलं, अमरसिंहाकडे बघितलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "मग ठरलं की. आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

"व्हय की," बाकीचे म्हणाले. "कुंकू लावल्याली पोरगी दुसऱ्या दारात न्हेणार काय?"

अमरसिंह केविलवाण्या नजरेने गुंडूकडे बघायला लागला. पण तीस वर्षांच्या मध्यस्थीत गुंडूने कुंकू लागल्यानंतर मोडलेलं एकही स्थळ पाहिलं नव्हतं. त्याने सुपारी मागवली आणि फोडली. वर्षाराणीने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

देण्याघेण्याचं बोलणं निघालं तेव्हा अमरसिंह डोळे पुसत होता. "पैशाचं नाव काढू नका. पोरगी इकत न्हाय मी. फकस्त रीतीभाती सांभाळा, एवढंच मागणं."

"एक रीत चुकणार न्हाय," अक्काताई म्हणाली.

शिवप्रसादला आनंद आवरेना. दोन वर्षं तो ज्या लेन्सचा हिशेब करत होता ती फुकटात घरात आली होती. रीतीभातींचं काय, सांभाळू, असं तो मनात म्हणाला. व्यापारी माणसाने कराराच्या अटी आधी विचारायला हव्या होत्या, पण त्याच्या डोळ्यांपुढे नुसती चोच होती.

कुंकू निघायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी रंकाळ्यावर जाऊन त्याने एका बगळ्याचा असा फोटो काढला की बगळ्याच्या तोंडातल्या माशाचा डोळासुद्धा दिसत होता. वर्षाराणीनेही मान्य केलं. त्याच संध्याकाळी अमरसिंह दारात उभा.

"आखाड लागतोय, जावईबापू. नव्या नवरीनं म्हैनाभर सासरी ऱ्हायचं नसतंय. न्ह्यायला आलोय."

"आवो, पण..."

"खरं हाय त्यांचं," अक्काताईने आतून सांगितलं. "मी बी गेलती की म्हायरी." तिने लेन्सच्या बॅगेत चकल्या आणि लाडू भरून दिले.

आखाड संपला तशी पंचमी आली. पहिली पंचमी माहेरीच. पंचमीनंतर चार दिवस लेन्स सासरी आली, तेव्हा पाऊस असा कोसळत होता की शिवप्रसादने खिडकीतून शेजारच्या टाकीचे फोटो काढले. मग गौरीला अमरसिंह हजर. दिवाळीला तर शिवप्रसादलाही रीतसर बोलावणं आलं. वारणानगरला त्याला पाटावर बसवून उटणं लावलं, नवा शर्ट दिला आणि समोर लेन्स ठेवली. ती मखमलीच्या गादीवर होती आणि तिला हात लावायला अमरसिंहाच्या बायकोने मनाई केली होती, कारण पाडव्याच्या ओवाळणीआधी चालत नाही म्हणे.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर शिवप्रसाद आता पुढचा भाग उघडा असलेला कॅमेरा गळ्यात अडकवून बसायचा. छोटी लेन्स गुंडू द्यायला तयार नव्हता. सोडलेल्या बाईला परत आणणं बरं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. आदर्शने आडाप्टर लावून दुसरीच लेन्स आणली होती आणि तो बदकांचे झकास फोटो काढत होता.

"आव्वा, ही लेन्स माझी हाय का त्येची?" शिवप्रसादने एकदा आईला वैतागून विचारलं.

"पहिलं वरीस असंच असतंय बाबा. दम धर."

त्याने दम धरला. संक्रांतही लेन्सने माहेरीच केली. शाहूवाडीहून फोन आला की ढोलीत धनेश आलाय. शिवप्रसादने दुकानाला चार दिवस सुट्टी टाकली, गाडीत पेट्रोल भरलं आणि अमरसिंहाला निरोप धाडला: आता सगळे सण संपले, पाठवून द्या.

अमरसिंह आला, पण हात हलवत आला. सोबत गुंडूही होता. अमरसिंह सोफ्याच्या टोकावर बसला आणि पाणीसुद्धा घेईना.

"काय झालंय?" शिवप्रसादने त्याच्या रिकाम्या हातांकडे बघत विचारलं.

"पावसात कपाटात ठिवलीती," तो मान खाली घालून म्हणाला. "मखमल वल्ली झालती, ध्यानात आलं न्हाय. आत बुरशी धरलीया. आधी बारीक हुती, आता रोज वाढाय लागलीया. पुण्याच्या कारागिराला दाखवली. त्यो म्हणला, काढून दिऊ, पर चार-पाच म्हैनं लागतील."

चार-पाच महिने! तोवर पिल्लं मोठी होऊन ढोली मोकळी पडणार. आखाडापासून शिवप्रसादने जे जे गिळलं होतं ते सगळं एकदम वर आलं.

"बास झालं!" तो कडाडला. "पोरगी न्हाय, म्हायर न्हाय, काय न्हाय! काच हाय ती! काच आणि लोखंड! मला येड्यात काढलाय सगळ्यांनी मिळून!"

अमरसिंहाचा चेहरा पडला. गुंडूने आयुष्यात प्रथमच एका जमलेल्या स्थळाची काडीमोडाकडे वाटचाल होताना पाहिली आणि तो घाईघाईने उठून मध्ये उभा राहिला. आरडाओरडा ऐकून अक्काताई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली.

"काय झालं एवढं वरडायला?"

वर्षाराणीने सांगितलं, "लेन्सच्या आत काहीतरी वाढाय लागलंय म्हणं. मोकळं व्हायला चार-पाच म्हैनं लागतील."

अक्काताईने अमरसिंहाकडे बघितलं, मग शिवप्रसादकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"अगं बाई! मग पहिलं म्हायरीच व्हायचं की," ती म्हणाली. "त्यात त्या पावण्यावर कशापायी वरडतोस?"

आणि ओटीसाठी ठेवलेला खण कुठल्या ट्रंकेत आहे, हे वर्षाराणीला विचारत ती आत गेली.