पाण्यावरचा कॉम्प्युटर

तुमसरच्या सुयोग कॉलनीतली कामिनी रामटेके घरबसल्या लग्नांचे व्हिडिओ तयार करून द्यायची. मे महिन्यात लग्नं आणि ऊन दोन्ही टिपेला पोहोचली आणि तिचा कॉम्प्युटर तापून ऐन वरातीत बंद पडू लागला. आतले पंखे पुरेनात. शेवटी दुकानदार अतुलनं वॉटर कूलिंग बसवून दिलं.

"बंद नळ्यांत ग्लासभर पाणी फिरत राहते, ताई. वरून टाकाचं काम नाही."

कॉम्प्युटर शांत झाला. कॉलनी मात्र तापली. पाणीटंचाई निवारण समितीचे अध्यक्ष सेवकराम कापगते सदस्यांसह पाहणीस आले.

"हा कॉम्प्युटर पाणी पेऊन राहिला म्हणते."

"पेत नाही, भाऊ. तेच पाणी आतल्या आत फिरते."

"म्हणजे बदलतच नाही?"

"नाही न."

"मंग साचलेलं पाणी झालं," सेवकराम सदस्यांकडे वळून म्हणाले. "डासाचं प्रकरण आहे."

आरोग्य उपसमितीच्या उषाबाईंनी बॅटरी लावून पेटीत अळ्या शोधल्या. एकही सापडली नाही. त्यावरून अळ्या लपल्या असल्याचा निष्कर्ष निघाला आणि नळ्यांतलं पाणी तत्काळ काढण्याचा आदेश झाला. बपेरा गावच्या एका नवरीकडे परवा स्वागत समारंभ होता आणि पडद्यावर लग्न दाखवायचं होतं.

"आता कायनं थंड करू मी?"

"हवेनं करा. हवेवर निर्बंध नाही."

तिनं बैठकीतला कूलर ओढून कॉम्प्युटरसमोर लावला आणि टाकीत बादल्यांवर बादल्या ओतल्या. फेरपाहणीस आलेले सेवकराम शर्टाची वरची बटणं सोडून गारव्यात उभे राहिले.

"हे नियमात बसते."

"याले त्याच्याहून किती जास्त पाणी लागते, भाऊ."

"लागू द्या. बाहेर तर हवाच येऊन राहिली न."

दमट हवेनं कॉम्प्युटर सप्तपदीच्या चौथ्या पावलावर कायमचा बंद पडला. तोवर पेनड्राइव्हवर उतरलेला अर्धाच व्हिडिओ समारंभात लागला; नवरा-नवरी पडद्यावर एक पाय उचलून तसेच उभे राहिले आणि पाहुणे जेवून गेले. पुढची कामंही कामिनीच्या हातून गेली.

कॉलनीच्या सभेत ती उठली. "मोजाचंच असन, तर सगळ्यांच्या कूलरचं पाणी मोजा."

मग 'कूलर हे हवेचे साधन आहे' असा ठराव मांडला गेला आणि कामिनी वगळता सर्वांनी हात वर केले.

तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं, हे सावकाश ठरवा. आधी उठून तुमच्या कूलरमध्ये सोडलेली नळी बंद करा. टाकी केव्हाची भरली आहे, पाणी रस्त्यावर वाहतंय.