सैल टाके, शांत गल्ली

ट्युनिसशेजारच्या अरियानातल्या आमच्या गल्लीत बायका दुपारची जेवणं उरकून विणायला बसतात, ही गोष्ट सरकारच्या ध्यानात यायला चारशे वर्षं लागली. ध्यानात आली आणि आमचं वाटोळं झालं.

त्याआधी सगळं बरं चाललं होतं. लल्ला दूजा आमच्यातली सगळ्यात मोठी. आमच्याकडे मोठ्या बाईला मानानं 'लल्ला' म्हणतात आणि पुरुषाला 'सी'. तिच्या अंगणात आम्ही सात-आठ जणी बसायचो. पाच सुयांवर पांढऱ्या लोकरीची टोपी विणायची, ती सी हम्मादी व्यापाऱ्याच्या गाडीत घालायची, आणि विसरून जायचं. पुढे ती टोपी गरम पाण्यात साबण लावून तुडवली जाते, काटेरी बोंडांनी घासून तिची लव काढतात, लाल रंगवतात, आणि मग ती शेशिया म्हणून ट्युनिसच्या एखाद्या भल्या माणसाच्या डोक्यावर बसते. तुडवताना टोपी आटून निम्मी होते. म्हणून आम्ही ती खांद्यापर्यंत येईल एवढी मोठी विणतो, आणि टाका अगदी सैल ठेवतो. आमच्याकडे नाक न पुसता येणाऱ्या पोरीलाही हे ठाऊक असतं.

हात चालायचे तशी तोंडंही चालायची, हे काय सांगायचं. त्यात माझी नणंद मुंजिया म्हणजे कहर. एक टाका घालायची आणि एका शेजारणीची पिसं काढायची. पण तिला दमा. लोकरीचा भुगा नाकात गेला की छाती शिट्टी वाजवायला लागायची. मग मी तिला दंडाला धरून गल्लीच्या तोंडावरच्या दवाखान्यात न्यायची. डॉक्टर रीम तिला वाफेच्या यंत्रावर बसवायची. दवाखाना होता म्हणून मुंजिया होती. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, बाकीचा सगळा पोरखेळ आहे.

तर एके दिवशी अंगणात सी लमजेद आले. हुद्दा मोठा: हस्तकला व मनःस्वास्थ्य समन्वय विभागाचे उपसंचालक. सोबत फोटोवाला, खजुराच्या वड्यांचा खोका आणि वायरी लोंबणारी एक टोपी.

"भगिनींनो," सी लमजेद म्हणाले, "विणकामाने मेंदूचे दोन्ही भाग एकमेकांशी बोलू लागतात, असं आता सिद्ध झालंय."

"आमचे तर भांडतात," मुंजिया म्हणाली.

"नाडी संथ होते, काळजी ओसरते, स्मरणशक्ती तल्लख राहते."

"हे मात्र खरं हो," लल्ला दूजा माझ्याकडे बोट करून म्हणाली. "हिच्या सासूनं माझ्या लग्नात फुटका तांब्या दिला होता, ते मला अजून आठवतंय."

सी लमजेदनी ते 'दीर्घकालीन स्मृती: उत्तम' असं टिपून घेतलं. मग वायरींची टोपी एकेकीच्या डोक्यावर चढवली. लल्ला दूजानं ती आधी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "कुणी विणलीय ही? हात मोडले होते का मेलीचे?"

आता उगाच खोटं कशाला बोलू, तो माणूस म्हणत होता त्यात तथ्य होतंच. माझा धाकटा न सांगता होडीत बसून समुद्रापलीकडे गेला, तेव्हा त्याचा आवाज फोनवर येईपर्यंत मी या अंगणात विणत बसले होते. हात थांबला असता तर मी वेडी झाले असते. हात चालत राहिला, कारण डावीकडे लल्ला दूजा होती आणि उजवीकडे मुंजिया, आणि ती माझं दुःख सोडून बाकी सगळ्या जगाविषयी बोलत होती. हे मी सी लमजेदना सांगितलं. त्यांनी लिहिलं, 'लाभार्थी समाधानी.'

वायरींच्या टोपीतून बराच वेळ काही निघालं नाही. मग त्यांनी खिशातून टाक्यात घालून सैलपणा मोजायची एक पट्टी काढली आणि आमचे टाके मोजायला लागले. मोजता मोजता त्यांचे डोळे मोठे झाले.

"एवढा सैल टाका! देशात कुठेच नाही! टाका जितका सैल तितकं मन सैल, हे आमच्या विभागाचं मूळ तत्त्व आहे. तुमच्याइतक्या शांत स्त्रिया मी जन्मात पाहिल्या नाहीत."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. टोपी आटते म्हणून टाका सैल, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण लल्ला दूजाला तिच्या नवऱ्यानं उभ्या आयुष्यात शांत म्हटलं नव्हतं. तिनं पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरला आणि फोटोवाल्याकडे पाहून मान किंचित कलती केली. मुंजियाच्या तोंडात दोन वड्या होत्या. आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं. मग बोलणार कोण?

महिन्याभरात दाखला आला: 'राष्ट्रीय शांत गल्ली, प्रथम श्रेणी'. चौकट एवढी मोठी की लल्ला दूजाच्या बैठकीतलं घड्याळ उतरवावं लागलं.

मग एकेक कळायला लागलं. गल्लीतले दिवे बंद पडले म्हणून अर्ज केला, तर उत्तर आलं की मंद प्रकाश शांततेस पूरक आहे. गटार तुंबलं, तर कळवण्यात आलं की शांत मनास दुर्गंधी कमी जाणवते. आम्ही तरीही हसत होतो. एका सोमवारी मुंजियाची छाती वाजायला लागली, मी तिला घेऊन गेले, तर दवाखान्याला कुलूप. दारावर कागद: 'सदर वस्तीचा शांतता निर्देशांक विचारात घेता वैद्यकीय गरज निरंक आहे. डॉक्टरांची नेमणूक अस्वस्थ वस्तीत करण्यात आली आहे.'

त्या दिवशी मुंजिया उशीला टेकून बसून कशीबशी निभावली. ओठ निळे पडले होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनातल्या मनात त्या खजुराच्या वड्या ओकत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या सी लमजेदांच्या कचेरीत.

"साहेब, टाका सैल असतो कारण टोपी आटते," मी म्हणाले. "मनाचा काही संबंध नाही. आम्ही अजिबात शांत नाही."

"शादलिया भगिनी," ते प्रेमानं म्हणाले, "अतिशांत व्यक्तीला आपण शांत आहोत याची जाणीवच नसते. अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे."

"अहो, दवाखाना बंद केलात तुम्ही! माणूस मरेल!"

"मी कुठे? निर्देशांकानं केला."

मग मात्र लल्ला दूजाचा तोल गेला. तिनं त्यांच्या बापाचा, आजोबांचा आणि त्यांच्या विभागाच्या पहिल्या दगडाचा असा उद्धार केला की शिपाई दार लावून बाहेर पळाला. आम्हीही मागे राहिलो नाही. सी लमजेद टेबलावर कोपर टेकून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "भावनांचा निचरा फारच सुरेख. हे आधीच्या पाहणीत सुटलं होतं. गुण वाढवतो."

परत येताना ट्राममध्ये मुंजियानं युक्ती काढली. "सैल टाका म्हणजे शांत ना? मग घट्ट विणू. इतकं घट्ट, की त्याची पट्टी मोडली पाहिजे."

विणलं. बोटांना घट्टे पडले, मनगटं धरली, सुया वाकल्या. टोप्या तुडवून आल्या आणि सी हम्मादी स्वतः अंगणात उगवला. त्याच्या हातात वाटीएवढी लाल टोपी होती, आणि ती त्यानं फरशीवर आपटली तर टण्ण आवाज आला.

"हे काय आहे? टोपी की खलबत्ता? परवा निकाह लावणाऱ्या साहेबांना घालायला दिली. डोकं आवळून नवऱ्या मुलाचं नाव विसरले बिचारे! मुलीच्या बापालाच कबूल आहे का विचारलं!"

"मग तो काय म्हणाला?" मुंजियानं विचारलं.

"कबूल म्हणाला! घाबरून! आता दोन्ही घरं माझ्या नावानं बोटं मोडतायत."

पण आम्ही मागे हटलो नाही. दवाखाना उघडल्याशिवाय टाका सुटणार नव्हता. सी लमजेदांना मुद्दाम बोलावून आणलं. त्यांनी घट्ट टाक्यांना पट्टी लावली. ती टाक्यात शिरेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"विलक्षण," ते पुटपुटले. "शांतता पूर्ण झाली, आता एकाग्रता सुरू झाली! मेंदूचा पुढचा टप्पा! हे मला मंत्रालयात दाखवलंच पाहिजे."

आणि दाखवलं. त्याचं फळ म्हणून दवाखाना खरोखर उघडला. भिंती रंगवल्या, खाटा काढून गाद्या अंथरल्या, वाफेचं यंत्र अडगळीत गेलं आणि दारावर पाटी लागली: 'विणकाम मनःशांती केंद्र'. ट्युनिसच्या समुद्राकाठच्या बंगल्यांतल्या बायका गाड्या घेऊन येऊ लागल्या. त्यांना फार ताण असतो. त्या महागड्या सुया हातात धरायच्या, डोळे मिटायच्या आणि एका टाक्यावर अर्धा तास मन एकाग्र करायच्या. आम्हालाही हुकूम आला की कोपऱ्यात बसून विणायचं. आमची नेमणूक 'वातावरण' या पदावर होती. अट एकच: बोलायचं नाही. बोलण्यानं विणकामाचा मेंदूवरचा परिणाम बिघडतो म्हणे.

बोलायचं नाही! मुंजियाला! पहिल्या दिवशी तिनं एवढी निंदा गिळली की मला वाटलं पोट फुटून मरते. समोर एक चष्मेवाली बाई उलटे टाके सुलटे घालत होती, आणि मुंजिया नुसती माझ्या पायाला चिमटे काढत होती.

तिसऱ्या दिवशी तिचा श्वास अडकला. केंद्रात नव्या लोकरीचा गठ्ठा फोडला होता, भुगा उडाला, आणि मुंजियाची छाती वाजायला लागली. मी उठले तर सी लमजेदनी मला हातानंच खाली बसवलं. ते मुंजियाकडे भारावून पाहत होते.

"शू! बघा, बघा सगळ्यांनी," ते हळू आवाजात म्हणाले. "किती खोल श्वास! पोटातून येतोय! हाच तो, पिढ्यान् पिढ्यांच्या विणकामातून आलेला मूळ श्वास. करा, करा सुरू."

आणि बंगल्यांतल्या त्या बायका डोळे मिटून मुंजियासारखा श्वास घ्यायला लागल्या. मुंजिया घरघर करायची, त्याही घरघर करायच्या. तिनं गळा धरला, त्यांनीही गळा धरला. ती गादीवर आडवी झाली, त्याही नाजूकपणे आडव्या झाल्या. एक म्हणाली, "अय्या, किती हलकं वाटतंय!"

मी सी लमजेदना ढकललं, मुंजियाला ओढत बाहेर आणलं आणि सी हम्मादीच्या लोकरीच्या गाडीत घातलं. तो दुपारपासून आमच्याशी भांडायला केंद्राबाहेर थांबला होता. मुंजियाचं तोंड पाहून त्यानं भांडण गिळलं आणि गाडी अशी हाणली की ट्युनिसचे सगळे सिग्नल त्याला शिव्या देत राहिले.

मोठ्या इस्पितळात खिडकीवर एक माणूस बसला होता. विणत होता. आजूबाजूला पाहिलं तर परिचारिका विणतायत, लिफ्टवाला विणतोय. रांग दारापर्यंत.

"भाऊ, बाई गुदमरतेय!"

"एवढी ओळ होऊ द्या," तो वर न बघता म्हणाला. "मध्येच सोडली की कर्मचाऱ्याला ताण येतो. परिपत्रक आहे."

मी खिडकीतून हात घालून त्याच्या सुया उपसून काढल्या. सगळे टाके सुटले. चाळिशीचा माणूस तो, हुंदके देऊन रडायला लागला. त्या आवाजानं आतून डॉक्टर रीम धावत आली. 'अस्वस्थ वस्ती' म्हणजे हे इस्पितळ होतं तर! तिच्याही काखेत लोकरीचा गुंडा होता. तिनं मुंजियाला पाहिलं आणि गुंडा भिरकावून दिला.

वाफ छातीत गेली. शिट्टी हळूहळू थांबली. ओठांवर रंग परतला. मी भिंतीला टेकून खाली बसले होते. मुंजियानं तोंडावरचा वाफेचा मास्क बाजूला केला आणि पहिलं वाक्य बोलली, "शादलिया, त्या चष्मेवालीच्या नवऱ्याचं तुला सांगायचंच राहिलं गं." तेव्हा मी जी रडले, तशी पोरगा गेला तेव्हाही रडले नव्हते.

आमचा दवाखाना अजून आलेला नाही. केंद्रात मात्र 'मुंजिया श्वसन'चे वर्ग चालतात आणि जागा मिळत नाही. सी लमजेदना बढती मिळाली. विणकाम महाग पडतं, लोकर लागते, म्हणून विभागाचं लक्ष आता हसण्यावर आहे. हसण्यानं मेंदू ताजा राहतो आणि काही विणावं लागत नाही. त्यांनी मला व्यासपीठावर उभं केलं आणि म्हणाले, तुमची तक्रार मोकळेपणानं सांगा. मी ही सगळी हकिगत डोळ्यांत पाणी आणून सांगितली. लोक पोट धरधरून हसले. मागच्या रांगेत सी लमजेद नवं यंत्र घेऊन बसले होते, कोण किती हसलं आणि कुठल्या वस्तीचं ते टिपत. पुढच्या आठवड्यात त्यांतल्या निम्म्या वस्त्यांना दाखले मिळाले. आणि दाखल्यामागून कुलपं.

आता तुम्ही. मुंजिया गादीवर आडवी झाली आणि तिच्यापाठोपाठ त्या बंगलेवाल्या आडव्या झाल्या, तेव्हा तुमच्या तोंडावर काय होतं? तिचा जीव चालला होता, आणि तुम्ही हसत होतात. असू द्या, लाजू नका, सगळेच हसतात. फक्त उद्या सकाळी तुमच्या दवाखान्यापर्यंत एकदा जाऊन या. कुलूप दिसलं तर माझ्याकडे तक्रार आणू नका. मीही हसेन.