वालाच्या शेतातली झुकिनी

शकूच्या घरात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती, कारण सगळी जागा झुकिनीने अडवली होती. पडवीत झुकिनी, माळ्यावर झुकिनी, भाताच्या कणगीला टेकून उभ्या केलेल्या झुकिन्या आणि देव्हाऱ्याखाली दोन. पहिलं फळ देवापुढे ठेवायची चंदरची पद्धत होती आणि या दोहोंतलं पहिलं कुठलं यावर त्याचा गोंधळ झाला होता. एकेक फळ मांडीएवढं. शकूने चुलीकडे जायला वाट काढताना एकीला पायाने बाजूला सारलं, तर ती आणखी तिघींना बरोबर घेऊन उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेली.

“आवो, मी कुठं बसू ता तरी सांगा,” शकू म्हणाली. “का मी गोठ्यात जाऊ नि ह्यांना घर देऊ?”

“दोन दिवस थांब. काय तरी मार्ग निगंल,” चंदर म्हणाला. हे तो संक्रांतीपासून म्हणत होता.

चंदर काही कच्चा शेतकरी नव्हता. त्याची भेंडी धसईच्या बाजारात हातोहात खपायची. पण त्याचा वाशिंदला राहणारा भाचा सुयोग दिवाळीत आला आणि मोबाइलवर काकडीसारखी दिसणारी हिरवीगार झुकिनी दाखवून म्हणाला, “मामा, मुंबईची हॉटेलं हेच मागतात.” झालं, झुकिनी चंदरच्या डोक्यात चढली. मांडवावर मात्र चढली नाही. आपल्या दुधी-दोडक्यासारखा हाही वेलच असणार असं गृहीत धरून त्याने बांबू रोवले, तारा ओढल्या, ऐसपैस मांडव घातला, आणि झाडं खाली झुडपासारखी बसून राहिली. चंदर रोज एखादा दांडा हळूच उचलून तारेकडे न्यायचा आणि तो त्याच्या हातात मोडून यायचा.

सुयोगने बजावलं होतं की फळ वीतभर झालं की तोडायचं. पण वीतभर फळाला चंदरचा हात लागेना. इकडे कोवळ्या काकडीकडे बोट दाखवलं तरी ती कुजते म्हणून पोरांना दटावतात, तिथे तोडायची कशी? उलट त्याने वाफ्याकडे कुणाला बोटसुद्धा दाखवू दिलं नाही. फळं छान पोसली. टेम्पोवाला धसईला माल घ्यायला आला तेव्हा त्याने एक फळ दोन्ही हातांनी उचललं आणि विचारलं, “काका, ही झुकिनी हाये का मुसळ? हॉटेलवाले एवढी ताटं कुठून आनतील?” सगळा माल परत आला. नंतर चंदरने मन घट्ट करून कोवळी फळं तोडली, पण एकट्या शेतकऱ्यासाठी टेम्पो पुन्हा काही वाट वाकडी करून येईना. झाडांना हे कोण सांगणार? ती धरतच राहिली.

शकूचं खरं दुखणं झुकिनी नव्हतंच. मांडव घातला होता तो घरामागच्या तुकड्यात, आणि तो तुकडा वालाचा होता. भात कापला की शकू तिथे वाल टाकायची आणि त्या वालावर वर्षभर घर चालायचं. या वर्षी घरात वालाचा दाणा नव्हता. चंदरला तिने घरात भरपूर सुनावलं होतं, पण नवऱ्याला बाहेरच्याने बोललेलं तिला खपत नसे. शेजारच्या रंजिताने नळावर सहज म्हटलं होतं, “काकी, वाल लागलं त आमच्याकडनं घ्या हां.” त्यावर शकूने हंडा खाली ठेवून सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, “आमच्या चुलीवर मागून आनलेला वाल कदी शिजला नाय आन् शिजनार पन नाय.”

शकू देणाऱ्या हाताची बाई. कुणाकडे बाळंतपण असो, कुणी आजारी असो, हिचा डबा पहिला. पण घ्यायची वेळ आली की हिचा हात आखडायचा. कुणी चार शेंगा दिल्या तर संध्याकाळच्या आत आठ परत. त्यामुळे तिला काही द्यायचं म्हणजे वाडीतल्या बायकांना धास्तीच वाटायची.

आणि अशात वाशिंदहून लेकीचा, भूमिकाचा फोन आला. तिला सातवा लागला होता. डोहाळजेवण माहेरी, येत्या रविवारी.

“आये, दुसरा काय नको मला,” भूमिका म्हणाली. “तुज्या हातचा वालाचा बिरडा कर. पर आपल्या वालाचा हां. इकडं बाजारचं आनतात, मला त्याचा वाससुदा नको वाटतो.”

“करीन की. त्यात काय,” शकू म्हणाली आणि फोन ठेवून झुकिन्यांच्या मधोमध बसली. वाल मागावा तर नळावरचा शब्द आड येतो, न मागावा तर पोरीचा डोहाळा राहतो. डोहाळा राहिला तर काय होतं, हे तिला सासूने इतक्या वेळा सांगितलं होतं की आठवायचीही गरज नव्हती.

निदान घर तरी मोकळं करावं म्हणून तिने झुकिनी वाटायला काढली. पण कच्ची झुकिनी आता कुणी घेईना. रंजिता “कालचीच हाये काकी” म्हणाली. जाऊ जनाने तर शकूला येताना पाहून दार लोटून घेतलं आणि आतून “मी घरात नाय” असं स्वतःच सांगितलं. शकू घरी आली, विळी घेतली आणि म्हणाली, “शिजवून नेते. शिजलेल्याला कोन नाय म्हनतो बघू.”

पहिली भाजी नुसतं पाणीच झाली. मग तिने त्यात मूठभर सुका जवळा टाकला. जवळ्याने ते पाणी असं ओढून घेतलं की चंदर दोन भाकऱ्या जास्त जेवला. हा टोप तिने समोरच्या धोंडीबाईला नेऊन दिला. धोंडीबाई वाडीतली वडीलधारी, तिला नाही म्हणता येईना. संध्याकाळी टोप घासून परत आला तेव्हा त्यात वाल होते.

“आता हे कशाला गो काकी?” शकूचा चेहरा ताठ झाला.

“टोप रिकामा कसा आनू?” धोंडीबाई म्हणाली. “तूच सांग.”

भांडं रिकामं परत करायचं नाही हा रिवाज शकूला ठाऊक होता, किंबहुना वाडीत तो सगळ्यांत कडक तीच पाळायची. हे मागणं नव्हे, हे भांड्यातून आलेलं. तिने वाल ओंजळीत घेऊन पाहिले. नवे, टपोरे, धोंडीबाईच्या बांधावरचे. त्या क्षणी शकूच्या डोक्यात उजेड पडला.

दुसऱ्या दिवसापासून शकूची चूल विझली नाही. किसलेल्या झुकिनीत तांदळाचं पीठ कालवलं, पाणी घालावंच लागलं नाही, त्याच्या लुसलुशीत भाकरी केल्या. जवळ्याची भाजी पुन्हा केली, फुलांची भजी केली. रवा आणि गूळ घालून केळीच्या पानात काकडीच्या तवसाळीसारखं काहीतरी भाजलं, ते खरोखर चांगलं झालं. हलवा केला, तो चांगला झाला नाही. त्याचा रंग गोठ्याच्या दाराला लावलेल्या हिरव्या रंगाशी जुळत होता. सांडगे करून पत्र्यावर वाळत घातले, त्यावर राखण ठेवावी लागली नाही, कारण कावळ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. सगळं घरोघर गेलं आणि प्रत्येक भांड्यातून वाल परत आले.

माणसाचा लोभ मात्र वाईट. शकूच्या लक्षात आलं की वाटी नेली तर मूठभर वाल येतात आणि डबा नेला तर डबाभर. मग ती अंमळ मोठी भांडी काढू लागली. शुक्रवारी तर तिने लग्नकार्याचा टोप माळ्यावरून उतरवला, त्याच्या तळाशी चमचाभर हलवा घातला आणि तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून जनाकडे निघाली.

“येवढ्या टोपात येवढासा?” चंदरने विचारलं.

“हलवा निवाया मोकळी जागा लागते,” शकूने नजर न मिळवता सांगितलं. संध्याकाळी जना आणि तिचा नवरा तो टोप दोन बाजूंनी धरून घेऊन आले.

वाडीतून जाताना शकूला हल्ली मोठा मान मिळत होता. धोंडीबाईची म्हैस तिला पाहताच दाव्याला हिसके देऊन हंबरायची, रंजिताची पारडी कुंपणावरून मान काढायची. आपल्या हाताला यश आहे, जनावरालासुद्धा ते कळतं, असं शकूला वाटलं. नळावर ती रंजिताला म्हणाली, “तुमाला माजा हलवा येवढा आवडंल असं वाटला नवता गो.” रंजिताला अचानक खोकला आला.

रविवार उजाडला. इतक्या माणसांना सावली हवी म्हणून जेवणं घरामागच्या मांडवाखाली ठेवली. चंदरने खालची झाडं उपटून जागा सारवली, तारांवर साड्या टाकल्या आणि मांडव वाया गेला नाही असं चार जणांना ऐकवलं. वाशिंदहून भूमिका, तिची सासू प्रेमाताई आणि आणखी काही बायका आल्या. शकूने वाल रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं केलं होतं. नारळाचा रस, कोकम, वरून कोथिंबीर. भूमिकाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

“हाच,” ती म्हणाली. “आपलाच वाल हा. मी डोळं झाकून वळखीन.”

शकूने वाडीतल्या बायकांकडे पाहिलं नाही. बायकांनी पानांत पाहिलं. तेवढ्यात कुंपण मोडल्याचा आवाज झाला आणि धोंडीबाईची म्हैस तुटलेलं दावं ओढत मांडवात शिरली. पाहुण्या उठून पळाल्या. म्हैस कुणाला शिंग लावायला आलीच नव्हती. ती सरळ शकूजवळ गेली, तिच्या हातातल्या ताटात तोंड घातलं आणि प्रेमाताईंसाठी मुद्दाम केलेला हलवा चाटूनपुसून साफ केला.

“अगो हिला गोडाची सवय कदी लागली?” शकूने विचारलं. मग रंजिताला हसू आवरेना, ती पदर तोंडात धरून खाली बसली आणि म्हणाली, “काकी, हिलाच कशाला, सगल्यांच्या म्हशींना लागलीया.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. जवळा खाल्ला होता, सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ला होता. भजी खाल्ली, भाकरी खाल्ल्या, केळीच्या पानातलंही खाल्लं. पण रोज किती खाणार? उरलेलं गोठ्यात जाऊ लागलं, आणि हलवा तर थेट तिकडेच.

शकूचा चेहरा उतरला. “मंग मला सांगाया नको?” ती म्हणाली. “उगाच टोप भरभरून वाल का दिलात?”

धोंडीबाईने म्हशीचं दावं हाताला गुंडाळलं. “तसं दिलं असतं त घेतलं असतंस तू?” ती शांतपणे म्हणाली. “भूमिकानं रंजिताला फोनवर सांगितलान, मला बिरडा पायजे. आमाला ठाव तुज्याकडं दाना नाय. द्यायचा कसा? तुज्या हातात भांडा दिसला, म्हनला चला, भांड्यातनं देऊ. तू पन बरी, टोपच आनलास.”

इतके दिवस शकूला वाटत होतं की आपणच हुशारीने वाडीला गुंडाळतोय. आणि इकडे साऱ्या वाडीने मिळून, तिचा शब्द मोडू न देता, तिच्या पोरीचा डोहाळा पुरवला होता. ज्या बायकांना तिने आयुष्यभर डबे पुरवले त्यांना एकदा तरी देऊ द्यावं हे तिला कधी सुचलं नव्हतं. तिला त्यांची इतकी माया आली की रागवायचं राहूनच गेलं. तिने डोळे पुसले आणि पुसताना हळदीचा हात सगळ्या तोंडाला लागला.

“आये, आजून घाल ना,” पाहुण्यांबरोबर पुन्हा पानावर बसलेली भूमिका म्हणाली.

शकूने भांड्यात पळी फिरवली. पळी तळाला लागली. पाहुण्यांनी दोन-दोनदा मागून घेतलं होतं. शकूने क्षणभर विचार केला, ओट्यावरची एक वाटी घेतली, रिकामीच, आणि सगळ्यांच्या देखत धोंडीबाईपुढे धरली.

“काकी, घरात बिरडा आसंल त दे गो,” ती म्हणाली. “मला पायजे.”

धोंडीबाईने सवयीने वाटीत पाहिलं. वाटीत काहीच नव्हतं. मग तिने म्हशीचं दावं चंदरच्या हातात दिलं आणि तरातरा घराकडे निघाली. “माज्याकडं सकालचा हाये,” म्हणत रंजिता उठली. “माज्याकडं पन,” म्हणत जना उठली. बघता बघता वाडीतल्या सगळ्या बायका उठून गेल्या आणि मांडवात मायलेकी, वाशिंदच्या पाहुण्या, चंदर आणि म्हैस एवढेच उरले.

“या सगळ्या अशा पानावरून उठून कुठे गेल्या हो?” प्रेमाताईंनी विचारलं.

“बिरडा आनाया,” शकूने सांगितलं.

“का, तुमच्या घरचे वाल संपले?”

“नाय, नाय,” शकू म्हणाली. “तेच आनाया गेल्यात.” आणि लेकीच्या पानातला भात सारखा करून तिने मधोमध खळगा केला.