रात्र पर्यटकांसाठी राखीव आहे

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी मला बजावलं आहे. पण आमच्या शहरात रात्र फक्त पर्यटकांना मिळते हे सगळ्यांना माहीतच आहे, त्यामुळे तेवढं सांगायला हरकत नसावी. उरलेलंही मी सांगणार आहे.

आम्ही बुडापेस्टला राहतो. इथली रात्र बारमध्ये आणि नाइटक्लबमध्ये ठेवलेली असते. पर्यटक पासपोर्ट दाखवून आत जातात. आत अंधार असतो, तारे असतात, चंद्र असतो आणि मोठ्या आवाजातलं संगीत असतं. बाहेर रहिवाशांसाठी कायम दुपार असते. आम्ही जाड पडदे लावून झोपतो. पाऊस मात्र सगळाच्या सगळा रहिवाशांना दिलेला आहे. बारमधल्या रात्रीत तो पडत नाही, कारण त्याने पर्यटकांचा विरस होतो. ही वाटणी रात्र मंडळाने केली आहे, आणि जिथे पर्यटक आत असेल तिथली रात्र काढून घ्यायची नाही हा नियमही त्यांचाच.

बाबा ‘निळा बोका’ नावाच्या क्लबमध्ये बटाटे तळतात. आमचं घर त्याच इमारतीत मागच्या बाजूला आहे. बाबा कामासाठी रोज रात्रीत जातात, पण मान वर करणार नाही अशी हमी त्यांनी दिलेली आहे. चंद्र बघणं त्यांच्या कामात येत नाही. बटाट्यांवर पडलेलं चांदणं त्यांनी पाहिलंय, चंद्र नाही.

आई संकष्टी करते. दिवसभर पाणी आणि कोरा चहा, आणि चंद्राला अर्घ्य दिल्यावर जेवण. आतापर्यंत तिचं भागत होतं, कारण ‘निळा बोका’च्या मागच्या दाराला फट होती. त्या फटीतून गल्लीत रात्रीचा एक पट्टा सांडायचा, सतरंजीएवढा. शेजारच्या मार्गित नेनी (इथे म्हाताऱ्या बायकांना नेनी म्हणतात) त्या पट्ट्यात खुर्ची टाकून झोपायच्या. आई त्यांच्या पायाला धक्का न लावता ताट घेऊन उभी राहायची आणि फटीतून चंद्र बघायची.

मग मंडळाला गळती सापडली. माणसं आली, त्यांनी दाराच्या कडेने रबराची पट्टी ठोकली. नेनींची खुर्ची उन्हात आली. त्या डोळे चोळत घरी गेल्या. आणि त्याच आठवड्यात संकष्टी आली.

आईने नेहमीप्रमाणे मोदक केले. दूर्वा इथे मिळत नाहीत, म्हणून डॅन्यूबच्या काठावरचं गवत आणलं. चंद्र काही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशीही ती जेवली नाही.

“अगं, पंचांगात वेळ दिली आहे,” बाबा म्हणाले. “पुण्यात ढग असले की वेळ बघून सोडायचीसच ना उपास?”

“ढग असले की सोडायचे. ढगांचा मी मान ठेवते. हे ढग नाहीत. ही माणसं आहेत.”

“निदान फोनवर फोटो बघ चंद्राचा.”

“फोटोतले मोदक खाता का तुम्ही?”

आईने पूजेचं ताट उचललं, घडीचं स्टूल काखेत मारलं आणि मला म्हणाली, “चित्रा, चल. मला बाजारापुरतीच भाषा येते. तू बोलायचंस.”

मी शाळेत हजेरीलाही हळू बोलते. पण आई उपाशी होती, म्हणून गेले.

‘निळा बोका’च्या पुढच्या दारावर गाबोर उभा असतो. तो पासपोर्ट बघतो, आणि बाहेर पडणाऱ्या पर्यटकांना लांब दांड्याच्या ब्रशने झाडतो. रात्र कपड्यांना चिकटते, खिशांत साठते. ती झाडून तो डब्यात भरतो आणि डबा आत पाठवतो. आई त्याच्या शेजारी स्टूल मांडून बसली.

“रहिवाशांना आत सोडत नाहीत,” गाबोर म्हणाला.

“त्याला सांग,” आई म्हणाली, “मला आत जायची हौस नाही. त्यांनी चंद्र लपवलाय. चोराच्या दारात मी ताट घेऊन बसलेय, त्याची मला लाज वाटत नाही, त्यांनाच वाटू दे.”

“आई म्हणते, ती इथे थोडा वेळ बसली तर चालेल का,” मी गाबोरला म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. “मी बोलले ते एवढंसंच होतं?”

थोड्या वेळाने मंडळाच्या सारोल्ताबाई आल्या. त्यांच्या डोळ्यांखाली आम्हा सगळ्यांच्या असतात तशी काळी वर्तुळं होती. त्यांनी अतिशय सभ्यपणे मार्ग सुचवले. आईने आगगाडीने व्हिएन्नाला जावं आणि बॅग ओढत पर्यटक म्हणून परत यावं. ते जमत नसेल तर मंडळाचा एक कर्मचारी आत जाऊन चंद्र बघेल आणि बाहेर येऊन त्याचं वर्णन करेल.

“माझ्या राहत्या गावात मी बॅग ओढत येऊ?” आई म्हणाली. “आणि वर्णनाला अर्घ्य कुठून देऊ? त्या कर्मचाऱ्याच्या डोक्यावर ओतू का पाणी?”

“आईला दोन्ही मार्ग सोयीचे वाटत नाहीत,” मी म्हणाले.

सारोल्ताबाई गेल्या. आईने ताटातली अर्घ्याची वाटी सरळ करून ठेवली. मी त्या वाटीकडे बघत राहिले. दुसरीकडे कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात क्लबमधून एक मुलगी बाहेर आली. डोक्यावर प्लॅस्टिकचा मुकुट, छातीवर ‘नवरी’ लिहिलेला पट्टा. लग्नाआधी मैत्रिणींना घेऊन इथे येण्याची इंग्लंडमध्ये पद्धत आहे. गाबोरने तिला झाडलं. तिच्या कोपरातून बरीच रात्र निघाली.

“या बाई काय विकतात?” तिने मला विचारलं.

“विकत नाही. ती माझी आई आहे. चंद्र दिसल्याशिवाय ती जेवत नाही.”

“कधीपासून जेवली नाही?”

मी सांगितलं. तिने मुकुट काढला. तिचं नाव जेम्मा होतं आणि ती लीड्सला घोड्यांच्या दवाखान्यात काम करते. “माझ्या आजीसमोर असं कुणी करून दाखवावं,” ती म्हणाली. “तिने दार खाल्लं असतं.”

मी ब्रशकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. गाबोर कोट झाडतो, खिसे झाडतो, पर्सही उलटी करतो. छत्री तो झाडत नाही. आत पाऊस नसल्यामुळे आजवर कुणी आत छत्री नेलेलीच नाही. आईच्या स्टुलाला आमची काळी, वाकड्या मुठीची छत्री टांगलेली होती. मी ती काढून जेम्मासमोर धरली. तिने छत्रीकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि तिला कळलं.

“आत पाऊस नसतो,” गाबोर दारात म्हणाला.

“माहीत आहे. पण लग्न माझं आहे,” जेम्मा म्हणाली.

गाबोर दारातून बाजूला झाला. ती नाचायच्या जागेवर गेली, चंद्राखाली उभी राहिली आणि छत्री उलटी उघडून धरली. मग तिने ती मिटली, बंद लावला आणि बाहेर आली. गाबोरने तिला नखशिखांत झाडलं.

“छत्री फुगलेली दिसते,” तो म्हणाला.

“तिने आत जरा जास्त घेतली,” जेम्मा म्हणाली.

गाबोरने माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या मांडीवरच्या ताटाकडे. त्याने ब्रश भिंतीला टेकवला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. बुटाला नाडी नव्हती.

छत्री आम्ही स्वयंपाकघरात उघडली. आधी थंड वाटलं, मग भिंती दिसेनाशा झाल्या. चंद्र हळूहळू वर चढला आणि धुरांड्याच्या शेजारी थांबला. चतुर्थीचा होता तसाच होता, उशिरा आल्याचं काही वाटत नसल्यासारखा. आईने अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला, आणि वरणभाताला हात लावला. बाबा कामावरून आले होते. त्यांनी हमी क्लबमध्ये दिली होती, घरात नाही. ते मान वर करून उभे राहिले.

जेम्मा मोदक खात होती. मार्गित नेनी खुर्ची घेऊन आल्या आणि काही न विचारता झोपल्या. मग वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ आलं, ट्रामचे दोन चालक आले, औषधाच्या दुकानातली बाई उशी घेऊन आली.

मग सारोल्ताबाई आल्या. ‘निळा बोका’त चंद्राशिवाय पर्यटक एकमेकांवर आपटत होते. “चंद्र आणि रात्र ताबडतोब परत करा,” त्या म्हणाल्या.

“तिला सांग,” आई म्हणाली, “जेवणाऱ्याला आणि झोपलेल्याला उठवत नाहीत. आणि त्यांचाच नियम आहे, आत पर्यटक असेपर्यंत रात्र काढता येत नाही. ही पोरगी लीड्सची आहे. ती माझे मोदक खातेय. हात लावून दाखवा म्हणावं.”

मी ते सगळंच्या सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य जरा मोठ्यानेच झालं.

सारोल्ताबाईंनी जेम्माचा पासपोर्ट पाहिला. तो बरोबर होता. “पर्यटक आत असेपर्यंत,” त्या म्हणाल्या, आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. नियम त्यांनी मोडला नाही, हे मी मान्य करते.

तेव्हापासून आमच्याकडे पाळ्या चालल्या आहेत. जेम्माच्या मैत्रिणी आळीपाळीने येऊन बसतात. आई त्यांना थालीपीठ करायला शिकवते. रहिवासी जमिनीवर ओळीने झोपतात. जेम्माचं लग्न आहे, त्यामुळे आज त्या सगळ्या परत जाणार. मी दाराशी उन्हात बसून हे लिहिते आहे. आतून नेनींचं घोरणं ऐकू येतंय आणि समोरच्या पायरीवर सारोल्ताबाई जागत बसल्या आहेत. रस्त्याच्या टोकाला निळी टोपी घातलेला एक माणूस नकाशा उलटा धरून उभा आहे. पर्यटकच असणार.

“चित्रा! जेम्माची टॅक्सी आली गं! ऊठ, कुणालातरी घेऊन ये!”

आई हाक मारतेय. अनोळखी माणसाशी बोलायची मला अजूनही लाज वाटते, पण बाळ नुकतंच झोपलंय, आणि मी ठरवलंय की सरळ त्या माणसासमोर जाऊन मोठ्याने म्हणायचं, की आमच्याकडे रात्र आहे, जेवायला चला.