मेंढ्याची भूमिका

मॅडम न्वाकाएगोंची अट एकच होती: कादंबरीतला एक शब्दही बदलायचा नाही. बावीस वर्षं शाळेत शिकवता शिकवता त्यांनी ती लिहिली होती. तिच्यातला पांढराशुभ्र मेंढा हरवलेल्या राजपुत्राला मृतांच्या देशातून बाहेर काढतो आणि शेवटी असं लांबलचक बोलतो की वाचणाऱ्याच्या डोळ्यांना धार लागावी. निदान मॅडमच्या डोळ्यांना तरी लागायची.

"मेंढा नाही, तर सिनेमा नाही," त्यांनी दिग्दर्शक चिदुबेमला बजावलं. "बोकड चालणार नाही. कॉम्प्युटरवरचा तर मुळीच नाही."

चिदुबेमने आसाबा शहरातले तीन बाजार पालथे घालून मेंढा मिळवला, त्याला शॅम्पूने न्हाऊ घातलं आणि मंडळी ओढ्याकाठच्या गावी निघाली. तिथे शूटिंगला म्हाताऱ्या इलोडिग्वेबाबांची परवानगी लागते. पाहुणचाराचं कोलाचं बी फोडलं, ताडी झाली, परवानगी मिळाली. तेवढ्यात ड्रायव्हरला मेंढ्याची दया आली. उन्हात कशाला, म्हणून त्याने तो बाबांच्या अंगणातल्या झाडाला नेऊन बांधला.

परवानगी मागायला आलेल्याने अंगणात जनावर बांधलं की ते घरधन्याला मानाचं म्हणून दिलं, असा रिवाज. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. ड्रायव्हर मात्र लागोस शहरातला होता.

मॅडम ओसरीत संवाद तपासत होत्या. दुपारी त्यांच्यासमोर आणि सगळ्या नटांसमोर मटणाचं वाफाळतं, तिखटजाळ पेपर सूप आलं.

"काय चव आहे हो! अजून वाढा थोडं."

"खा, पोरी, पोटभर खा," बाबा म्हणाले. "असला स्वच्छ मेंढा आमच्या गावात आजवर कुणी दिला नव्हता. साबणाचा वास येत होता."

मॅडमचा चमचा हवेतच राहिला. चिदुबेम धावत आला. "बाबा, तो आमचा हिरो होता!"

"तरीच! मानाचा तुकडा मीच घेतला."

दिलेला मान परत मागता येत नाही, आणि या मानाचं तर सूप झालं होतं. गावचा बाजार कालच उठला होता. नट उद्या दुसऱ्या सिनेमाला जाणार होते. चिदुबेमने गावातल्या एका काळ्या बोकडाला कसाव्याच्या कंदाचं पांढरं पीठ फासलं, तर गावातल्या शेळ्यांनी तो चाटून पुन्हा काळा केला.

"मी कादंबरी परत घेते," म्हणत मॅडमनी पिशवी उचलली.

"थांब," बाबा हाड चोखत म्हणाले. "तुझा मेंढा बोलणार होता तरी काय?"

मॅडमनी शेवटचं पान वाचून दाखवलं. बाबांनी पोटावर हात ठेवून राजपुत्र झालेल्या नटाकडे पाहिलं.

"पोरा, मला खाल्लंस ना? मग आता वाट तुला ठाऊक आहे. जा घरी."

नट खरोखरच रडू लागला. मॅडमनी ओंजळीत तोंड लपवलं. अख्ख्या पानभर त्यांना जे म्हणायचं होतं ते बाबांनी दोन ओळींत म्हटलं, आणि मॅडमचा मनस्वी संताप झाला.

"कॅमेरा चालू होता का रे?" त्यांनी रागानेच विचारलं.

"होता, मॅडम."

"मग तेच ठेव."

सिनेमा तुफान चालला, आणि त्याच्यामागून पुस्तकही खपू लागलं. एक दिवस भरबाजारात एका मासेवालीने मॅडमना अडवलं. तिच्या हातात कादंबरी होती आणि आवाज चढलेला होता.

"सिनेमावरून पुस्तक लिहिलंत, बरं केलंत. पण मूळ गोष्टच बदललीत की! तुमच्या पुस्तकात मेंढा खाल्लाच नाही कुणी!"

मॅडमनी चष्मा नीट केला.

"खाल्ला होता, बाई," त्या म्हणाल्या. "मी तर दोनदा वाढून घेतला होता."