दोन बोटं आत

सोमवारी दुपारी अडीच वाजता शीलाताई मनवर जेवणाच्या सुट्टीनंतर परत आल्या आणि पाहतात तर काय, टेबलावरचा ढीग गायब.

ढीग पुस्तकांचा होता आणि तो शीलाताईंनी तीन आठवडे जिवापाड जपला होता. विद्यापीठाच्या पुसद रोडवरच्या उपकेंद्रातल्या ग्रंथालयात त्या देवघेव विभागाच्या प्रमुख. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची आणि परत आलेली जागच्या जागी लावून घ्यायची, हे त्यांचं खातं. यातलं लावण्याचं काम तीस वर्षं उकंडा नावाचा परिचर करत होता. आषाढात उकंडा वारला. त्या जागी माणूस द्या म्हणून शीलाताईंनी मुख्यालयाला सात पत्रं लिहिली. मुख्यालयानं एकाच पत्राचं उत्तर पाठवलं, आणि त्यात ‘आपले पत्र मिळाले’ एवढंच होतं.

मग बातमी आली की येत्या गुरुवारी एक समिती येणार आहे. रिकाम्या जागांपैकी कोणती ठेवायची आणि कोणती कायमची रद्द करायची हे ती ठरवणार. जागा रद्द झाली तर चाळीस हजार पुस्तकं एकट्या शीलाताईंच्या कमरेवर, आणि कमरेचा पट्टा त्यांना आधीच लागलेला. तेव्हा त्यांनी मनाशी हिशेब केला, की सात पत्रांनी झालं नाही ते एक ढीग करील. परत आलेल्या एकाही पुस्तकाला हात लावायचा नाही असा हुकूम निघाला. बघता बघता तीन टेबलांवर चारशे पुस्तकं साचली. समितीनं दारातून नुसतं डोकावलं तरी डोळ्यांत पाणी यावं असा तो देखावा होता.

आणि आता त्यातलं एक टेबल लख्ख रिकामं होतं.

“प्रफुल्ल! कोनं हात लावला माह्या ढिगाले?”

काउंटरवरचा प्रफुल्ल धावत आला. “ताई, शप्पथ, मी तर तुमच्यासंगच जेवून राह्यलो होतो. तुमच्या डब्यातली भाजी कोनं खाल्ली मंग?”

भाजी खरोखरच त्यानं खाल्ली होती. दोन ते अडीच ग्रंथालय बंद असतं, कुलूप शीलाताईंनी स्वतः लावलं होतं आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. मग त्या रॅकांमधून फिरल्या. टेबलावरची पुस्तकं कुठेही गेली नव्हती. प्रत्येक पुस्तक आपापल्या नंबरावर नीट उभं होतं, आणि कडेपासून दोन बोटं आत ढकललेलं होतं.

प्रफुल्लचा चेहरा पांढरा पडला. येता-जाता धक्का लागून पुस्तक पडू नये म्हणून ते दोन बोटं आत ढकलायची सवय या अख्ख्या इमारतीत एकाच माणसाला होती.

“ताई,” तो कुजबुजला, “हे उकंडाकाकाचं काम हाय.”

“उकंडा मेला रे बाबा. तू तेराव्याले जेवून आला ना?”

“म्हनूनच म्हनून राह्यलो.”

शीलाताईंच्या घरी भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांची फ्रेम होती. भूत, भानामती, उतारा, असलं काही त्यांच्या तीन पिढ्यांनी मानलं नव्हतं. ग्रंथालयात एखाद्या मुलीनं पेपरच्या दिवशी वहीत लिंबाचं पान ठेवलं तरी त्या तिला अर्धा तास विवेकवाद शिकवत. त्यामुळे अख्ख्या इमारतीत घाबरायची सोय नसलेल्या त्या एकट्याच होत्या. “कोनाची तरी बदमाशी हाय,” एवढं बोलून त्या काउंटरवर जाऊन बसल्या. पर्समधली किल्ली मात्र त्यांनी दोनदा चाचपून पाहिली.

मंगळवारी त्यांनी कुलूप लावून तीनदा ओढून पाहिलं. खिडक्या आतून बंद केल्या. परत आल्या तेव्हा दुसरं टेबल अर्धं रिकामं. वर पंखे बंद, हवा स्थिर, आणि परत आलेली पुस्तकं वाहणारी ढकलगाडी दोन रॅकांच्या मध्ये, कोणीतरी आत्ताच सोडून गेल्यासारखी उभी.

बातमी प्रफुल्लच्या पोटात चार वाजेपर्यंतच टिकली. पाच वाजता ढकलगाडीवर कोणीतरी नारळ ठेवून गेलं. एका एम.ए.च्या पोरानं चिठ्ठी सोडली, ‘उकंडाकाका, परीक्षेत येनारे प्रश्न तेवढे वरच्या रॅकवर ठेवा.’ शीलाताईंनी नारळ उचलला, चिठ्ठी फाडली आणि तडक ग्रंथपालांची केबिन गाठली.

ग्रंथपाल डॉ. इंद्रजीत राठोड मुळात सज्जन माणूस. फक्त घाबरले की त्यांच्या तोंडून एकदम ‘याडी!’ निघायचं, म्हणजे त्यांच्या बंजारा गोरबोलीत ‘आई गं!’ आजवर ते फक्त मुख्यालयाचा फोन आला की निघायचं.

“सर, कोनीतरी आत शिरून राह्यलं. वॉचमन बसवा.”

“याडी! वॉचमन कायले?” राठोड सरांनी आवाज खाली आणला. “हे पाहा मॅडम, मी काही मानत नाही. पण काम तर चांगलं होऊन राह्यलं ना? गुरुवारी समिती आहे. सारं कसं टापटीप दिसलं पाहिजे.”

“सर, टापटीप दिसलं तर जागा जाईल! माह्या ढिगावर सारं अवलंबून हाय.”

“तो ढीग पाहून समिती मले विचारील, राठोड, तुम्ही काय करत होते? ते काही नाही. उद्या जेवनाची सुट्टी अर्ध्या तासाची एक तास करून टाका.”

“एक तास? कायले?”

राठोड सर खिडकीबाहेर पाहू लागले. “त्यालेही वेळ लागतो ना मॅडम. म्हातारा मानूस होता.”

बुधवारी सुट्टीच्या आधी सरांनी स्वतःच्या हातानं ढकलगाडीवर एक कागद ठेवला, आणि तो शीलाताईंनी वाचला. ‘संदर्भ विभागातील वरच्या दोन रांगाही शिल्लक आहेत. सवडीनुसार व्हाव्यात. — ग्रंथपाल.’ खाली तारीख, सही आणि गोल शिक्का. शीलाताईंची सात पत्रं धूळ खात पडली होती आणि इथे एका मेलेल्या माणसाला शिक्क्यानिशी पत्रव्यवहार चालू होता. त्यांचं डोकंच फिरलं. डोकं दुखतं म्हणून घरी जाते असं सांगून, किल्ली प्रफुल्लकडे देऊन त्या निघाल्या, दाराआडून परत वळल्या आणि इतिहासाच्या रॅकमागे स्टूल घेऊन बसल्या. बाहेरून प्रफुल्लनं कुलूप घातल्याचा आवाज झाला.

भरदुपारची वेळ, पण रिकामं ग्रंथालय दुपारीही वेगळंच असतं हे त्यांना वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. झरोक्यातून उन्हाचे पट्टे आले होते आणि त्यांत धूळ हळूहळू वर चढत होती. जुन्या लाकडी कपाटात काहीतरी कुरकुरलं. वाळवी असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग लांब, बाइंडिंगच्या खोलीच्या बाजूनं, काहीतरी जड सरकल्यासारखं झालं आणि अनवाणी पावलं वाजू लागली.

पावलांबरोबर पुटपुटणं होतं. “आठशे एक्क्यान्नव... चार... सहा... आठशे एक्क्यान्नव...” अगदी उकंडासारखं, गात गात, शेवटचा आकडा लांबवून.

शीलाताईंचे ओठ आपोआप त्रिशरण म्हणू लागले, आणि आपण ते भुताला भिऊन म्हणतोय हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. ढकलगाडीचं एक चाक चींऽ करून रॅकच्या टोकाशी थांबलं. एक सुरकुतलेला हात पुढे आला, त्यानं पुस्तक खाचेत सरकवलं आणि दोन बोटांनी हलकेच आत ढकललं.

हातात हिरव्या बांगडीची खूण होती, बांगडी नव्हती.

“रुखमाबाई?”

हातातलं दुसरं पुस्तक खाली पडलं. “अगं माय! बाई, तुमी? केवढी भेवाडली मी!”

उकंडाची बायको भीतीनं छातीवर हात ठेवून उभी होती. शीलाताईंना हसावं की रडावं कळेना. दोघीही जमिनीवरच बसल्या.

“तुमी हे काम कायले करून राह्यल्या?”

“मीच करत होती ना बाई, आठ वरसांपासून.” रुखमाबाई पदर सारखा करत म्हणाली. “त्याईच्या डोयात मोतीबिंदू. आपरेशनले भेत होते. नोकरी जाईन म्हनून कोनाले सांगलं नाई. मी दुपारी डबा घेऊन यायची. ते गाडीपाशी बसायचे, मी लावायची.”

“पण तुमाले वाचता कुठी येते?”

“अक्षर नाई येत. आकडे येतात. पुस्तकाच्या पाठीवर आकडेच तर असतात.”

“अन् आत कशा येता?”

“बाइंडिंगचं मांगचं दार उचलून ढकललं का कडी निघते. त्याईनंच दाखवलं होतं. चार महिने लेकीकडे झरीले होती. परवा आली त्याईच्या चपला न्यायले, तं हा ढीग दिसला. बाई, जीव तुटला माहा. घरी बसून तरी काय करू? दोन वाजले का पाय इकडेच वयतात. आन् ऐकलं, मोठे साहेब येनार हायेत. म्हनलं, शीलाबाईचं नाव खराब नाई झालं पाह्यजे.”

शीलाताईंना भडभडून आलं. ज्या जागेसाठी त्या भांडत होत्या ती जागा ही बाई आठ वर्षं फुकट चालवत होती, आणि आता नकळत स्वतःच्याच हातानं पुसून टाकत होती. त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. जागा राहिली तर अनुकंपेवर ती तिलाच मिळू शकते, हेही सांगितलं. “मंग हे सारं आता काढून पुन्हा टेबलावर टाका.”

रुखमाबाईनं रॅककडे पाहिलं. “लावलेलं पुस्तक काढू? नाई बाई. माहा हात नाई चालत.”

शीलाताईंनी स्वतः एक पुस्तक ओढलं, क्षणभर धरलं आणि परत आत ठेवलं. त्यांचाही हात चालला नाही. “उद्या तरी येऊ नका,” एवढंच त्या म्हणाल्या.

गुरुवारी समिती आली. अध्यक्ष डॉ. पंजाबराव कडू, बरोबर दोन सदस्य. उरलेला ढीग राठोड सरांनी सकाळीच प्रफुल्लकडून लावून घेतला होता, आणि ग्रंथालय एखाद्या लग्नघरासारखं नीटनेटकं होतं. अध्यक्षांनी कुठलीही वीस पुस्तकं मागितली, वीसच्या वीस जागेवर सापडली.

“वा राठोड!” त्यांनी फाईल उघडली. “चार महिने परिचर नाही, तरी काम चोख. म्हणजे या जागेची गरजच नाही.” पेनाचं टोपण निघालं.

“पण मग लावतं कोण?” अध्यक्षांनी सहज विचारलं.

श्रेय घ्यायला राठोड सरांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच प्रफुल्ल बोलून गेला, “उकंडाकाका, सर.”

“तो तर वारला ना?”

“हो सर. तवापासून जास्तच चांगलं लावून राह्यले.”

अध्यक्ष खो खो हसले. त्यांनी तीन रॅकांतून तीन जाड पुस्तकं काढली, ढकलगाडीवर टाकली, कुलूप स्वतः लावलं आणि किल्ली खिशात घातली. “दुसरं दार?”

“बाइंडिंगचं आहे सर, पण ते दहा वर्षांपासून उघडतच नाही,” राठोड सर म्हणाले. खरं ठाऊक असलेल्या शीलाताई आपला डबा शोधायला वळल्या.

कडुनिंबाखाली पंगत बसली. वरण-भात झाला, वांग्याची भाजी फिरली, आणि आतून एकदाच आवाज आला. चींऽ. सगळ्यांचे घास तोंडातच थांबले. अध्यक्षांनी पाणी मागितलं.

कुलूप उघडलं तेव्हा गाडी रिकामी होती. तिन्ही पुस्तकं आपापल्या नंबरावर, दोन बोटं आत. ‘याडी!’ असं या वेळी राठोड सरांच्या आधी अध्यक्षच म्हणाले, आणि ते मुळात कुणबी होते.

मग अध्यक्षांनी हलक्या आवाजात सदस्यांना विचारलं, “जागा रद्द झाली की त्या जागेवरच्या कर्मचाऱ्याचं काय करतात हो?”

“नियमाप्रमाणे मुख्यालयात समायोजन, सर.”

“म्हणजे हा... तिकडे येईल?”

“आपल्याच विभागात, सर.”

अध्यक्षांनी घाम पुसला आणि घाईघाईनं लिहिलं, ‘जागा अत्यावश्यक. मयताच्या पत्नीस तात्काळ सामावून घ्यावे.’ खाली साक्षीदार म्हणून त्यांनी शीलाताईंचीच सही मागितली, कारण त्या असलं काही मानत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. दाराला कुलूप होतं, किल्ली अध्यक्षांच्या खिशात होती, एवढंच वर लिहिलेलं होतं. शब्द न् शब्द खरा होता. शीलाताईंनी सही केली. नको म्हटलं तरी आलीच ही बाई, त्या मनात म्हणाल्या, आणि त्यांना तिचं फार प्रेम वाटलं.

महिन्याभरात हुकूम आला. पहिल्या दिवशी राठोड सरांनी रुखमाबाईला समोर बसवून काम समजावलं. “हे पाहा बाई, हे नंबरांचं काम किचकट असते, तुमाले जमनार नाही. पण घाबरू नका. तुमी फक्त पुस्तकं गाडीवर ठेवायची. दोन ते अडीच बाहेर बसायचं, आत डोकवायचं नाही. ते येऊन लावून जातात.”

“बरं साहेब,” रुखमाबाई गंभीरपणे म्हणाली.

केबिनबाहेर आल्यावर शीलाताईंना हसू आवरेना. “काही म्हना, त्या गुरुवारी तुमी आल्या म्हनून झालं सारं. नाई तं गेलीच होती जागा.”

“गुरुवारी?” रुखमाबाई थांबली. “बाई, मी कुठी आलती? तुमीच नोको म्हनल्या ना. मी सकाळच्याच गाडीनं झरीले गेलती लेकीकडे.”

शीलाताईंचं हसू ओठांवरच राहिलं. आत रॅकांच्या रांगा शांत उभ्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दोनला दोन मिनिटं कमी होती.

त्यांनी टेबलावरचा डबा उचलला, पर्स काखेत मारली आणि रुखमाबाईचा हात घट्ट धरला.

“मी काही मानत नाही हं,” त्या भराभर दाराकडे चालत म्हणाल्या. “पण बाहेर हवा बरी हाय.”